यात्रेची सुपारी फुटली, पण खेळ पक्का झाला हे कधी समजायचं?

नवा_कारभारी | 14 मार्च 2026, रात्री 10:20

राम राम मंडळी. यंदा पहिल्यांदाच यात्रा कमिटीत माझं नाव घातलंय. घातलंय म्हणजे, वडिलांना आता धावपळ होत नाही म्हणून त्यांच्या जागी मला ढकललंय. गाव खेड तालुक्यातलं, भैरवनाथाची यात्रा चैत्र पौर्णिमेला. रात्री छबिना (देवाच्या पालखीची मिरवणूक) आणि मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी (त्याच तमाशावाल्यांचा सकाळचा खेळ), दुपारी कुस्त्या. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

दोन वर्षांपूर्वी आमची जी शोभा झाली ती सांगतो. कमिटीची चार माणसं नारायणगावला गेली, तिथं तमाशाच्या फडांच्या (मंडळींच्या) राहुट्या लागतात, त्यातल्या एकीत बसून बोलणी झाली, एक हजार एक रुपये आणि सुपारी दिली, चहा पिऊन परत आली. गावात सांगितलं, "फुटली सुपारी." सगळे निवांत. पौर्णिमेला संध्याकाळचे सात वाजले तरी फडाचा एकही ट्रक नाही. फोन लावला तर मॅनेजर थंडपणे म्हणाला, "पाव्हणं, बाकीचा इसार आला नाही, तुमचा फोन नाही. आम्हाला वाटलं तुम्ही दुसरीकडं ठरवलं. ती रात्र दिली की दुसऱ्या गावाला." पाहुण्यारावळ्यांनी भरलेलं गाव, आणि रात्री स्टेजवर शाळेच्या पोरांचं गॅदरिंग. माझ्या आत्याचे यजमान अजून तोंडावर हसतात.

पाडव्याच्या आसपास पुन्हा नारायणगावला जायचंय. सुपारी दिल्यावर नेमकं काय झालं की खेळ पक्का म्हणायचा? मी कमिटीत म्हटलं, कागद करू. तर आप्पा (आमचे जुने पंच, माझे चुलत आजोबा) उखडले. "पन्नास वर्षं जबानीवर खेळ आणले. आता तू फडवाल्यांकडून स्टँपपेपर घेणार का?"

मीनाकाठ | 14 मार्च, रात्री 11:05

नारायणगावचाच आहे, त्यामुळे दरवर्षी हा बाजार बघतो. बाजारच म्हणायचा. ओळीनं राहुट्या, प्रत्येकीवर फडाचा बोर्ड, आत सतरंजी, लोड, भिंतीला कलाकारांचे फोटो आणि मॅनेजरच्या मांडीवर वही. गावोगावचे कारभारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात. एकानं आकडा सांगितला की "जरा चहा घेऊन येतो" म्हणून दुसरीकडं. मॅनेजरलाही ठाऊक असतं चहा कुठं मिळतो ते.

एक सल्ला. तोंडी काय ठरलं ते सोडून द्या, वहीत काय लिहिलं ते उठायच्या आधी डोळ्यांनी वाचा. गावाचं नाव, तालुका, तारीख. आमच्या आसपास एकाच नावाची तीन-तीन गावं आहेत. पिंपळगाव म्हटलं तर कुठलं पिंपळगाव?

आणि पाडव्याला दुपारी जाऊ नका, मुंगीला वाट नसते. सकाळी आठला पोचा.

फडावरचा | 15 मार्च, सकाळी 7:40

बारा हंगाम एका फडाचा हिशेब लिहिलाय, म्हणून पलीकडच्या बाजूनं बोलतो. राग मानू नका कारभारी, पण तुमच्या त्या गोष्टीत मला मॅनेजर तेवढा गुन्हेगार वाटत नाही.

सुपारी म्हणजे शब्द. गावाला वाटतं खेळ ठरला. फडाला वाटतं, गाव इच्छुक आहे. हा फरक कुणी उघड बोलत नाही. मी स्वतः पाहिलंय, एकच कमिटी तीन राहुट्यांत सुपारी देऊन जाते आणि घरी जाऊन विचार करते. तीनपैकी दोन फडांनी त्या रात्रीसाठी दुसऱ्या गावांना नाही म्हटलेलं असतं. चैत्रातली एक रात्र मोकळी गेली तर काय होतं माहीत आहे? फडमालकानं हंगामाच्या आधीच कलाकारांना, वाजंत्र्यांना, तंबूच्या गड्यांना उचल दिलेली असते. पैसा बहुतेक वेळा व्याजानं काढलेला. खेळ होवो न होवो, साठ-सत्तर माणसांचं जेवण दोन वेळ शिजतं आणि ट्रकला डिझेल लागतंच.

2020 साली पाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. सुपाऱ्या घेतलेल्या, उचली वाटलेल्या, आणि अख्खा चैत्र-वैशाख गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गावं इसार परत मागायला आली तेव्हा फडाकडं द्यायला काही नव्हतं. कितीतरी माणसं त्यानंतर या धंद्यात परत आलीच नाहीत. आमचा एक ढोलकीवाला अजून भाजीचा टेम्पो चालवतो.

तेव्हा खेळ पक्का कधी? माझ्या वहीत दोन खुणा असायच्या. सुपारी आली की गावाच्या नावापुढं टिंब. इसाराची ठरलेली रक्कम आली की टिंबाला गोल. गोल नसलेली रात्र मी दुसऱ्याला देत असे, मात्र देण्याआधी पहिल्या गावाला एक फोन करायचो. तुमच्या मॅनेजरनं तो फोन केला नाही, तेवढी चूक त्याची.

खोचक | 15 मार्च, सकाळी 9:12

एवढ्या पैशात गावात अभ्यासिका झाली असती. असो. चालू द्या.

मीनाकाठ | 15 मार्च, सकाळी 9:30

@खोचक, आमच्या गावात अभ्यासिका आहे आणि तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरही आमच्याच. दोन्हीचा अभिमान आहे. 1957 आणि 1990 ला राष्ट्रपतींकडून गौरव झालेली बाई शेवटच्या आजारपणात पैशाच्या चणचणीत होती, याची मात्र लाज आहे. असो. चालू द्या.

पंचांगकाका | 15 मार्च, दुपारी 1:15

तुम्ही सगळे इसारावर बोलताय, पण खरा खड्डा पुढंच आहे. नवा_कारभारी, यंदाची चैत्र पौर्णिमा कधी आहे ते पाहिलंत का?

यंदा पौर्णिमा 1 एप्रिलला बुधवारी सकाळी सातनंतर लागते आणि 2 एप्रिलला गुरुवारी सकाळी पावणेआठच्या सुमारास संपते. सूर्योदयाला पौर्णिमा गुरुवारी आहे, म्हणून हनुमान जयंती 2 तारखेला. पण पौर्णिमेची रात्र, चांदण्याची, ती बुधवारची. तुमचा छबिना कुठल्या रात्री निघणार? पूर्ण चंद्राच्या रात्री की हनुमान जयंतीच्या रात्री? गुरुवारी रात्री तर वद्य प्रतिपदा असेल.

भिंतीवरच्या कॅलेंडरात बघणारा माणूस 2 म्हणेल, तुमच्या देवळाचा गुरव 1 म्हणेल. दोघंही बरोबर. खेळ मात्र एकाच रात्री होणार.

नवा_कारभारी | 15 मार्च, दुपारी 4:50

काका, पाय कुठं आहेत तुमचे? आत्ताच गुरवाला विचारून आलो. छबिना 1 तारखेला रात्री, हजेरी 2 ला सकाळी. आमच्या कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी पत्रिका फिरतेय तिच्यावर छापलंय: "चैत्र पौर्णिमा, गुरुवार दि. 2 एप्रिल, रात्रौ लोकनाट्य तमाशा." छापखान्यात फोन लावतोय.

शेवंता | 15 मार्च, संध्याकाळी 6:30

आमच्या माहेरची गंमत सांगते. गाव संगमनेरच्या बाजूचं. वरची आळी आणि खालची आळी यांचं पाण्यावरून वाजलेलं. यात्रेला कमिट्याही दोन झाल्या. दोघांनीही गावाच्या नावानं सुपारी दिली, दोन वेगळ्या फडांना, रात्र एकच. दोन्ही फड आले! ट्रक समोरासमोर उभे, तंबूचे गडी एकमेकांकडं बघतायत. शेवटी म्हाताऱ्या फडमालकीणबाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "सुरुवातीचं गण-गवळण त्यांचं होऊ द्या, नंतरचा वग आम्ही लावतो." पहाटेपर्यंत एवढी गर्दी आमच्या गावानं कधी पाहिली नव्हती. बिदागीवरून मात्र पुढं दोन वर्षं चाललं.

तर दादा, सुपारी द्यायला कोण गेलं होतं, त्याला गावानं अधिकार दिला होता का, हेही फडाला कळायला हवं. ग्रामसभेत ठरलेल्या दोनच माणसांची नावं द्या आणि सांगा, तिसऱ्या कुणाचा फोन आला तर धरू नका.

एव्हनकाठी | 15 मार्च, रात्री 11:48

मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहते. तुमच्या तमाशाची सर नाही, पण दुखणं तेच म्हणून लिहिते.

इथं गावोगावच्या हॉलमध्ये लोकनृत्याच्या रात्री होतात. त्याला 'केली' म्हणतात. (भाजी केली मधलं केली नव्हे, शब्द मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा.) माणसं जोडीनं ओळीत किंवा चौकोनात उभी राहतात, फिडल, मेलोडियन, गिटार असा चार-पाच जणांचा बँड वाजवतो आणि एक 'कॉलर' माईकवर पुढची चाल सांगत राहतो: उजवा हात धरा, फिरा, जोडी बदला. नाच येत नसलेल्या शंभर माणसांना तो पहिल्या दहा मिनिटांत नाचायला लावतो. मी आमच्या क्लबची बुकिंग सेक्रेटरी. पगार नाही, शिव्या भरपूर.

कधी बँड आपला कॉलर घेऊन येतो, कधी दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं. वेगळं सांगितलं की घोटाळ्याला जागा. बँडला वाटतं ध्वनियंत्रणा कॉलर आणणार, कॉलरला वाटतं बँड आणणार, आणि हॉलमध्ये एकच माईक, तोही भजनाच्या वेळचा म्हणावा असा. शिवाय त्यांचं आपसात बोलणं व्हायला हवं. एक नाच बहुधा 32 मात्राखंडांच्या सुरावटीवर बसलेला असतो, ती सुरावट किती वेळा वाजवायची, लय कितीची, हे कॉलर ठरवतो. दोघांची भेट थेट स्टेजवर झाली तर पहिला अर्धा तास वाया.

आता माझी चूक. एक अमेरिकन कॉलरबाई दौऱ्यावर येणार होत्या. मी ईमेलमध्ये लिहिलं, 6/5. माझ्या हिशेबानं सहा मे. त्यांनी वाचलं पाच जून, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्यांनी "पक्कं" म्हणून उत्तर दिलं, मीही निर्धास्त. तो 6 मे 2023, शनिवार, राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाचा दिवस! सगळ्या देशात गल्लोगल्ली कार्यक्रम, ऐनवेळी दुसरा कॉलर मिळणं अशक्य. आदल्या दिवशी फोन केला तर बाई अजून त्यांच्या घरीच, बॉस्टनजवळ. शेवटी बँडमधल्या फिडलवाल्यानं फिडल खाली ठेवून सहा सोपे नाच सांगितले. तेच सहा, दोनदा.

पाच जूनला सोमवार होता. आमची केली शनिवारीच असते. मी वार लिहिला असता तर बाईंच्या लगेच लक्षात आलं असतं. तेव्हापासून वार, तारीख आणि महिना अक्षरांत लिहिते. "पक्कं का?" असं विचारत नाही, "कुठल्या वारी, किती वाजता, कुठं येणार ते तुम्ही मला लिहून पाठवा" असं सांगते. बँडला आणि कॉलरला एकच पत्र जातं, त्यात दोघांचे फोन नंबर. पंधरा दिवस आधी पुन्हा एक फोन.

हलगीवाला | 16 मार्च, सकाळी 8:02

ताई, कॉलर म्हंजे आमच्या लेझीम पथकातला शिट्टीवाला की! त्यानं शिट्टी फुंकली की चाल बदलायची. फक्त आमचा बोलत नाही, डोळे वटारतो.

छबिन्याच्या वाजंत्र्यांचं कुणी बोलेना म्हणून सांगतो. हलगी, ताशा, बँजो पार्टी, यांना लोक "ये रे" एवढंच सांगतात. किती वाजता, किती वेळ, काही नाही. संध्याकाळी सहाला बोलावतात, पालखी उठते साडेनवाला. तोवर पोरं उपाशी. जेवण कुणाकडं ते आधी ठरवा. आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घेतलीय का ते बघा. रात्री दहानंतर भोंगा बंद, बारापर्यंतची सूट वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच, तीही तुमच्या यात्रेला असेल असं नाही. तमाशा दहाला उभा करायचा जमाना गेला. खेळ वेळेत संपवायचा तर छबिना लवकर काढा, नाहीतर वगाचा शेवट पब्लिकला पुढल्या वर्षी बघावा लागतो.

कुडाळचो_बाबलो | 16 मार्च, दुपारी 12:20

आमच्याकडे दशावताराक ह्यो प्रश्नच नाय. आमच्या देवळाच्या जत्रेची रात्र एका मंडळीची ठरलेली, आजोबाच्या वेळेपासून. नारळ ठेवलो की झाला. मात्र नव्या मंडळांचे कार्यक्रम, वाढदिवसाची नाटकां, थंय मात्र फोन, ऑनलाइन पैसे, आणि "खयचो राजा येतलो?" ह्या आधी इचारतत. नामवंत राजापार्टी सांगून दुसरोच उभो केलो तर गाव ऐकना नाय.

फडावरचा | 16 मार्च, दुपारी 3:35

बाबल्यानं बरी आठवण दिली. बोर्डावर ज्यांचे फोटो त्या कलाकार खेळाला असणार का, हे विचारा. आजारपण-बाळंतपण माणसाला आहे, त्याला इलाज नाही. पण फड दोन तुकड्यांत फोडून एकाच रात्री दोन गावं मारायची, हे प्रकार होतात.

दुसरं, हजेरी. भांडणं सगळ्यात जास्त हजेरीवरून. गाव म्हणतं, रात्रीच्या सुपारीतच सकाळची हजेरी आली. फडाला दुसऱ्या रात्री दीडशे किलोमीटरवर उभं राहायचं असतं, तंबू सोडून, ट्रक भरून. मग हजेरीला चार पोरी, एक सोंगाड्या आणि अर्ध्या तासात आवराआवर. हजेरी आहे की नाही, असली तर किती वाजता सुरू आणि किती वाजेपर्यंत, हे बोला.

आप्पांना स्टँपपेपर नको ना? नको. मी करायचो तशी चिठ्ठी करा. वहीतलंच पान, दोन प्रती, दोघांच्या सह्या. मजकूर एवढाच:

"मौजे अमुक, ता. खेड, जि. पुणे. श्री भैरवनाथ यात्रा. बुधवार दि. 1 एप्रिल 2026 ची रात्र (चैत्र शु. पौर्णिमा, छबिन्याची रात्र). खेळ रात्री 8:30 ला उभा राहील. गुरुवार दि. 2 एप्रिल सकाळी 9 ते 11 हजेरी. ठरलेली रक्कम अमुक, पैकी इसार आज अमुक मिळाला, अमुक रक्कम 25 मार्चपर्यंत, बाकी वग उभा राहण्याआधी. स्टेज, लाईट, पाणी, जेवण गावाकडे. तंबू, कनात, जनरेटर फडाकडे. पाऊस आला तर खेळ कुठल्या दिवशी किंवा किती पैसे परत. गावातर्फे बोलणारे दोन: अमुक, तमुक."

'रात्र' हा शब्द गाळू नका. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते आणि त्यावरूनही हुज्जत घालणारे भेटतात. 25 मार्चचे पैसे ऑनलाइन पाठवलेत तर फडमालकाच्या नावावर पाठवा, कुणा भाच्याच्या नंबरवर नको. आणि ट्रक आल्यावर आधी माणसांना पाणी विचारा. निम्मं भांडण तिथंच मिटतं.

नवा_कारभारी | 19 मार्च, रात्री 9:15

पाडव्याच्या शुभेच्छा. आज नारायणगावहून आलो. सकाळी आठला पोचलो (मीनाकाठ, धन्यवाद), तरी आमच्याआधी अकरा गावं रांगेत.

आप्पा सोबत होते. बोलणी त्यांनीच केली, आणि काय केली! फडाच्या आधीच्या पिढीपासून सुरुवात. कुठल्या साली कुणी कुठला वग लावला, कुणाच्या पायात चाळ किती होते. मॅनेजर पोरगा माझ्याच वयाचा, बिचारा "हो आजोबा, हो आजोबा" करत राहिला आणि आकडा खाली येत गेला. आकडा इथं लिहीत नाही, कमिटीतले लोक हा धागा वाचतात.

इसार दिला. मग मी म्हटलं, वहीत काय लिहिलंय ते दाखवा जरा. त्यानं वही फिरवली. गावाचं नाव बरोबर, तालुका बरोबर, आणि पुढं: "चैत्र पौर्णिमा, 2/4."

मी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी छताकडं. मॅनेजरनं मोबाईलवर पंचांग काढलं, मग मागची पानं चाळली. पौर्णिमेची आणखी दोन गावं त्यानं 2 तारखेलाच टाकली होती. त्यांना तिथूनच फोन लावले. एका गावाची रात्र खरंच 2 ची होती. दुसऱ्याची आमच्यासारखीच 1 ची निघाली. तेव्हा त्या रात्रीसाठी दोन गावं आणि फड एक! आमचा इसार आज आलेला, त्यांचं नुसतं टिंब. फडावरचे काका, तुमचा गोल कामाला आला. मॅनेजरनं त्यांना ओळखीतला दुसरा फड सुचवला.

चिठ्ठी मीच लिहिली, दोन प्रती. आप्पांनी सही केली, पण बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पोराला काय वाटलं असेल?"

शेवंता | 19 मार्च, रात्री 9:40

पत्रिका परत छापल्या का?

नवा_कारभारी | 19 मार्च, रात्री 9:52

छापल्या. जुन्या पाचशे माझ्या घरी पडल्यात. आई भाज्यांच्या पुड्या बांधतेय.

नवा_कारभारी | 3 एप्रिल, दुपारी 12:05

झोप झाली, आता लिहितो. ट्रक 1 तारखेला दुपारी चारला आले. माणसांना आधी पाणी, मग पिठलं-भाकरी. छबिना सातला उठवला, त्यावरून गावातल्या काही जणांनी तोंड वाकडं केलं, पण खेळ पावणेनऊला उभा राहिला. हलगीवाल्या पोरांना आधीच जेवू घातलं होतं, त्यांनी वाजवलं असं की म्हातारीकोतारी नाचली.

काल सकाळी हजेरीला मात्र ठिणगी पडली. दहा वाजता फडाचे गडी कनात सोडायला लागले, मॅनेजर म्हणाला ठरलं होतं तासाभराचं. मी चिठ्ठी शोधू लागलो. खिशात नाही, फायलीत नाही, बायकोला फोन, घरी नाही. एवढ्यात आप्पा पुढं आले. नेहरू शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला, चष्मा लावला आणि सगळ्या देवळापुढं मोठ्यानं वाचला, "सकाळी नऊ ते अकरा हजेरी." मॅनेजर हसला आणि ढोलकीवाल्याला खूण केली.

माझी प्रत त्यांच्या खिशात कधी गेली ते मला ठाऊक नाही. काल रात्री परत मागितली. म्हणाले, "तुझ्याकडं हरवेल."